चौदा हजार फुटांवरचं पित्त

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. आणि नशिबानं काम दिलं ते बारामतीत एका औषधाच्या दुकानात, काउंटरमागं उभं राहण्याचं. पुढं काच, मागं गोळ्यांचे खण, मधल्या दोन हातांच्या पट्टीत मी. एसटी स्टँड जवळच होता. गाडी सुटायच्या आधी कंडक्टरची घंटा आणि ड्रायव्हरचा हॉर्न दुकानात स्पष्ट ऐकू यायचा आणि दर हॉर्नला वाटायचं की आत्ता आपण त्या गाडीत असायला हवं होतं. गाडी भिगवणला जाते की नीरेला, ह्याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. जाते आहे, एवढं पुरे होतं.

असं सात-आठ वर्षं चाललं. दुकानात राहून राहून मी अर्धा डॉक्टर झालो होतो, निदान लोक तसं समजायचे आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. आमच्या भागात दुखणी फार नसतात. डोकं दुखलं की पित्त, मळमळलं की पित्त, चक्कर आली की पित्त, सून उलटून बोलली तरी सासूला पित्तच. बाजाराच्या दिवशी मार्केट यार्डातून आलेला माणूस कपाळाला हात लावून उभा राहिला की त्यानं तोंड उघडायच्या आत माझा हात पित्ताच्या गोळीच्या खणात गेलेला असायचा. बहुतेकदा त्यानं बरंही वाटायचं. उन्हात उपाशी फिरलेल्या माणसाला गोळी, पाणी आणि दहा मिनिटं पंखा मिळाल्यावर बरं वाटणारच, पण श्रेय मला मिळायचं.

नव्वदीच्या मध्यावर कधीतरी पेपरात एक जाहिरात आली. मे महिन्यात हिमाचलात ट्रेक, तुकडी करून नेणार, चौदा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची, अनुभवाची गरज नाही. मी ती कापून खिशात ठेवली आणि आठ दिवसांत तिची घडी फाटली. आमची बारामती समुद्रसपाटीपासून जेमतेम अठराशे फूट. त्यातही सगळं सपाट. ऊस, कालवा, परत ऊस. तोपर्यंत मी चढलेली सगळ्यात उंच जागा म्हणजे जेजुरी. मला ती खिंड हवी होती, आणि मला काही हवं असलं की मला दुसरं काही दिसत नाही.

आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, त्यामुळं परवानगी मागायची ती अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची. तिचं सासर इंदापूरकडच्या रस्त्याला, फाट्यावरून आत दोन मैल. मी जाहिरात दाखवली. तिनं ती वाचली, परत दिली आणि दाजींकडं वळली.

"ह्यो एकला गेला तर थांबायच्या जागी थांबायचा न्हाय," ती म्हणाली. "तुमी संगं जावा."

म्हणजे दाजी आले ते हिमालय बघायला नाहीत, मला आवरायला आले. हे मी तेव्हाही जाणून होतो आणि त्याचा मला रागही आला होता.

दाजींचं घर मूळचं मेंढरं राखणारं. त्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे आणि कोकणात राहून पावसाच्या आधी परतायचे. दाजी लहानपणी चार-पाच वेळा त्यांच्याबरोबर चालत गेले होते. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली गेली, रानात ऊस उभा राहिला आणि दाजी कारखान्याचे सभासद झाले. अंगानं आडवे, बोलायला कमी, आणि कुठल्याही कामाला आधी बसून बघणारे. त्यांना नुसतं बघत बसलेलं पाहूनच माझं डोकं फिरायचं.

मी तयारी जोरात केली. रोज पहाटे पाठीवर पेंडीचं अर्धं पोतं बांधून कालव्याच्या भरावावरून पळायचो. लोक हसायचे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणायचे. दाजींनी काहीच केलं नाही. ते म्हणाले, मी रोज रानात चालतोच. ट्रेकवाल्यांनी पोस्टानं सूचनांचा एक कागद पाठवला होता, तो दौंडहून सुटलेल्या दिल्लीच्या गाडीत मी दाजींना मोठ्यांदा वाचून दाखवला. वर हवा विरळ असते, शरीराला तिची सवय व्हायला दिवस लागतात, ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. दहा हजार फुटांच्या वर रोज थोडंच चढावं. दिवसा उंच जाऊन यावं, झोपायला खाली यावं. पाणी भरपूर प्यावं, तहान लागायची वाट बघू नये. दारू नको, पळणं नको. डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नकोसं झालं तर लपवू नये आणि त्या अवस्थेत आणखी वर जाऊ नये. बरं वाटलं नाही तर खाली उतरणं हाच उपाय. सगळं मी वाचलं, दाजींनी ऐकलं, आणि पुढं मोडलं तेही मीच.

निघण्याआधी आमच्या दुकानासमोरच्या डॉक्टरांनी फिटनेसचा दाखला देताना एक गोष्ट सांगितली होती. काचबिंदूच्या म्हाताऱ्यांना जी गोळी आम्ही देतो, तीच ह्या विरळ हवेच्या त्रासाला आधीपासून घेतली तर मदत करते. पण, ते म्हणाले, गोळी घेतली म्हणून थांबायचं तिथं थांबायला नको असं नाही. मला तो "पण" आवडला नाही. मी ती गोळी नेलीच नाही. आम्ही काय म्हातारे आहोत काय, असं मनात म्हणालो. माझ्या औषधांच्या डब्यात काय होतं? तापाचं, जुलाबाचं, मलम, आणि दोन पाकिटं पित्ताच्या गोळ्या.

पहिला तळ नदीकाठी होता. आमची चाळीस जणांची तुकडी. पुढारी एक निवृत्त फौजी, पहाडातलाच, मिशा पिकलेल्या, हिंदी सावकाश बोलणारा. रोज संध्याकाळी तो सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि एकेकाच्या समोर जाऊन विचारायचा: सर दुखता है? खाना खाया? पानी कितना पिया? जो डोकं दुखतंय म्हणेल त्याला मागं ठेवायचा. रागावून नाही, चेष्टेनंही नाही. नुसतं सांगायचा, आज ऊपर नहीं. मला त्याची भीती वाटायला लागली ती त्या तीन शब्दांमुळं.

तळावर आम्ही तीन दिवस बसलो. बसलो म्हणजे, एक दिवस बाजूच्या डोंगरावर हजार फूट चढवून परत खाली आणून झोपवलं. मला ते अगदी मूर्खपणाचं वाटलं. चढलेला चढ परत उतरायचा, उद्या तोच परत चढायचा. मी तंबूभोवती येरझाऱ्या घालायचो, बुटांच्या नाड्या सोडायचो, बांधायचो, सॅक भरायचो, परत उपसायचो. दाजी मात्र दगडावर पाय सोडून बसलेले असायचे आणि नदीकडं बघत असायचे. त्यांना हे थांबणं चटकन पटलं होतं. त्यांनी सांगितलं, घाट उतरून नवीन मुलखात गेलं की आबा कळप दोन दिवस एका जागी ठेवायचे. नवं पाणी, नवा पाला, मेंढरांना मानवायला पाहिजे. घाई करून पुढं हाकली की चार दिवसांनी एकेक बसायला लागायचं. आणि आबा कायम कळपाच्या मागं चालायचे, कारण जे दुखणाईत असतं ते मागं पडतं, पुढं चालणाऱ्याला ते कळतच नाही.

मी म्हणालो, दाजी, आपण मेंढरं नाही. ते हसले. खरं सांगायचं तर मेंढरू असतो तर बरा निघालो असतो.

मग रोज एकेक मुक्काम वर. आठ हजार, साडेनऊ हजार, अकरा हजार. देवदार संपले, मग झुडपं संपली, मग नुसतं गवत आणि त्यात बर्फाचे मळकट तुकडे. मी खूश होतो. दम लागत होता, पण तो सगळ्यांनाच लागत होता. अकरा हजारांच्या तिसऱ्या मुक्कामावर एक दिवस पूर्ण विश्रांतीचा होता. तिथं पोचलो त्या दुपारी दाजींनी कपाळाला रुमाल बांधला.

मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, जरा डोकं ठणकतंय. मी क्षणभरही विचार न करता डबा उघडला. दाजींना पित्ताचा त्रास होताच. उसाला पाणी द्यायला रात्रपाळी आली, जागरण झालं, की दुसऱ्या दिवशी त्यांचं डोकं धरायचं, उलटी व्हायची आणि मग ते मोकळे व्हायचे. अक्का माझ्याच दुकानातून गोळ्या न्यायची. ह्या माणसाचं पित्त मी सात-आठ वर्षं ओळखत होतो. मी गोळी दिली आणि पडून राहायला सांगितलं. तो कागद माझ्याच सॅकच्या कप्प्यात होता.

दुसऱ्या दिवशी, विश्रांतीच्या दिवशी, त्यांचं डोकं थांबलं नाही. सकाळचा नाश्ता त्यांनी बाजूला सारला. दुपारी दोन घास खाऊन उठले. पाणी नको म्हणाले, पोटात ढवळतंय. मी म्हणालो, लंघन चांगलंच आहे, पित्त उतरेल. आमच्याकडं असंच करतात. पित्त झालं की खायचं नाही, प्यायचं नाही, कान झाकून पडायचं. नेमकं जे करायला नको तेवढं सगळं मी त्यांच्याकडून करून घेतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

संध्याकाळच्या रांगेआधी दाजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी सांगतो त्यास्नी. एक दिस आनिक बसू आपन हितं."

आता इथं मी काय केलं ते नीट सांगतो, कारण हे मी पुढं फार दिवस कुणालाच सांगितलं नाही. एक दिवस बसणं म्हणजे तुकडी सुटणार. तुकडी सुटली म्हणजे मागच्या तुकडीबरोबर जायचं, तीही जागा असली तर. नसली तर खाली. आणि मला एकट्याला पुढं जाऊ देणार नाहीत, कारण अक्काच्या सांगण्यावरून दाजींनी फॉर्मवर आम्ही दोघं एकत्र असं लिहिलं होतं. हा सगळा हिशोब माझ्या डोक्यात एका दमात झाला. मी म्हणालो, "दाजी, ते पित्तच आहे. मला कळतं ना. उगाच सांगू नका."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास होता, हेच तर सगळ्यात वाईट आहे. बारामतीतल्या दुकानातल्या माणसाला कळतं, असं तेही धरून चालले होते. रांगेत त्यांनी नकारार्थी मान हलवली.

पुढच्या दिवशी साडेबारा हजारांच्या मुक्कामावर पोचताच ते खडकाआड जाऊन ओकले. परत आले तेव्हा म्हणाले, जरा हलकं वाटतंय. बघा, मी म्हणालो, पित्त पडलं. मला खरोखरच आनंद झाला होता. त्या संध्याकाळी फौजी दाजींच्या समोर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. त्यानं विचारलं तेव्हा दाजींच्या आधी मीच बोललो. मोडक्या हिंदीत सांगितलं की ह्यांना पित्ताचा जुना त्रास आहे, आणि मी मेडिकलमध्ये काम करतो, मला माहीत आहे. फौजीनं तरी सोडलं नाही. तोल बघायला जमिनीवर काठीनं रेघ ओढली आणि दाजींना टाचेला पंजा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. दाजी सरळ चालले. त्यानं त्यांनाही विचारलं, और कुछ? दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग म्हणाले, कुछ नहीं. फौजी म्हणाला, सकाळी जरा जरी वाईट वाटलं तर बोलायचं. मी दाजींच्या वतीनं हो म्हणालो.

सकाळी उजाडता उजाडता निघालो. रात्रीत बर्फ कडक झालेला होता आणि पायाखाली करकर वाजत होता. दाजी हळू होते. तुकडी पुढं जाऊ लागली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी त्यांच्या मागं होतो आणि मनात त्यांना ढकलत होतो. दर वळणावर वर बघायचो. दोन काळ्या खडकांच्या मध्ये खिंड दिसत होती, तिच्यावर कुणीतरी लावलेल्या रंगीत कापडाच्या पताका दिसत होत्या. तीनशे फूट राहिले असतील.

तिथं एक आडवी वाट होती, बर्फातून कोरलेली, हातभर रुंद. धोक्याची अशी नव्हती, पोरीसोरीही तिच्यावरून गेल्या होत्या. दाजींनी तिच्यावर पाय ठेवला आणि तो वाटेच्या बाहेर पडला. त्यांनी तो काढला, परत ठेवला, परत बाहेर. मग डावा पाय उजव्याच्या पुढं असा टाकला की दोन्ही पाय एकमेकांत अडकले आणि ते बर्फात खाली बसले.

मी हे बघत होतो. हा माणूस आयुष्यभर बांधावरून चालला होता. अंधारात, चिखलात, खांद्यावर फावडं घेऊन, वीतभर रुंदीच्या बांधावरून, दोन्ही बाजूला पाणी असताना. त्याचा पाय चुकलेला मी कधी पाहिला नव्हता. आणि आता लख्ख उजेडात त्याला हातभर वाट सापडत नव्हती.

मी खांद्याला धरून म्हणालो, दाजी, उठा. त्यांनी वर पाहिलं. डोळे माझ्यावर होते पण ते मला बघत नव्हते.

"पानी कुठवर आलं?" त्यांनी विचारलं. "दारं मोड आता. सरी भरली आसंल."

ते उसाला पाणी देत होते. पावणेचौदा हजार फुटांवर बर्फात बसून ते मला एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीला वळवायला सांगत होते.

पित्तात माणूस असं बोलत नाही. एवढं मला कळत होतं, आणि तरीही मी आधी खिंडीकडं पाहिलं आणि मग दाजींकडं. एवढाच वेळ. पण क्रम तोच होता.

मग मी ओरडलो. फौजी वरून धावत नाही, झपझप चालत खाली आला. मी त्याला सांगितलं की मी खोटं बोललो. तीन दिवसांपासून डोकं दुखतंय, जेवण नाही, काल ओकले, आणि त्यांना सांगायचं होतं, मीच सांगू दिलं नाही. त्यानं दाजींची बोटं बघितली, श्वास ऐकला, त्यांना त्यांचं गाव विचारलं. दाजींनी उत्तर दिलं नाही. फौजीनं तुकडी दुसऱ्याकडं सोपवली, दोन पहाडी सोबती बोलावले आणि म्हणाला, अभी नीचे. मी माझी सॅक टाकून दाजींचा एक हात खांद्यावर घेतला.

आम्ही दिवसभर उतरलो. साडेबारा हजारांचा मुक्काम आला, थांबलो नाही. अकरा हजारांचा आला, तिथंही नुसतं पाणी पाजून पुढं. मला आयुष्यात कधी इतकी घाई झाली नव्हती आणि कधी इतकं हळू चालावं लागलं नव्हतं. दाजींचं वजन माझ्यावर पडत होतं. ते मधेच बरळायचे, मधेच गप्प व्हायचे, आणि गप्प झाले की मी त्यांना हाक मारायचो. देवाला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. अक्काचं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

साडेनऊ हजारांवर देवदार सुरू झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तिथं त्यांना अर्धवट बसतं करून ठेवलं. तासाभरानं त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आपण खाली का आलो असं विचारलं. मग चहा मागितला. मी चहा आणायला गेलो तो तंबूमागं जाऊन रडलो. फौजी तिथंच शेकत बसला होता. तो म्हणाला की आणखी तीनशे फूट चढवले असते आणि मग खिंडीपलीकडच्या बर्फात अडकलो असतो तर बहुतेक हा माणूस घरी गेला नसता. त्यानं ते शांतपणे सांगितलं. मला त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत दाजी बरे होते. थकलेले, पण नेहमीसारखे. मी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. त्यांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेरच्या पिकावर काहीतरी बोलून तो बाजूला सारला. दौंडला उतरलो तेव्हा फक्त एवढं म्हणाले की गावात काय सांगायचं ते मी सांगतो.

आणि त्यांनी सांगितलं. पारावर, सोसायटीत, कारखान्याच्या गेटवर, सगळीकडं एकच: वर जाऊन माझं पित्त खवळलं, पाव्हण्यानं खांद्यावर घालून आनला, न्हायतर मी तितंच ऱ्हायलो आसतो. झालं. गावानं माझा सत्कार ठेवला. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या, शाल, नारळ, फेटा. एकानं भाषण केलं की मेव्हणा असावा तर असा. लोक दाजींची टर उडवत होते, काय राव, हिमालय बघून पोटात गोळा आला व्हय? दाजी हसत होते. मी फेटा बांधून बसलो होतो आणि तो फेटा कधी एकदा काढतो असं मला झालं होतं. अक्का बायकांच्यात मागं उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तिचे हात पिशव्यांत गुंतले आहेत असं मी समजून घेतलं.

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच, तिथंच उठून. नाही सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी सांगू म्हणालो, मग राखीला, मग दिवाळीला. जो माणूस एका जागी दोन मिनिटं थांबू शकत नाही, तो ह्या एका गोष्टीसाठी आठ-नऊ महिने थांबला. दुकानात उभा असताना एसटीचा हॉर्न वाजला की आता मला अक्काच्या गावची गाडी आठवायची आणि मी मुद्दाम खोकी आवरायला मागं जायचो.

एक गोष्ट मला त्या दिवसांत जाणवत होती. पूर्वी अक्काकडून सारख्या चिठ्ठ्या यायच्या. पोरीच्या खोकल्याचं, आबांच्या गुडघ्याचं, दाजींच्या पित्ताचं. मेपासून एकही आली नाही. मी म्हणालो, घर निरोगी दिसतंय. माणूस आपल्या सोयीचं बरोबर समजतो.

माघात दुकानाच्या सुट्टीला मी तिच्याकडं गेलो. ती चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. दाजी ऊसतोडीच्या टोळीबरोबर रानात होते. भाची खोकत होती, छातीतून. अक्का उठली, फळीवरून औषधाची बाटली काढली आणि तिला चमचाभर पाजलं. बाटलीखालची कागदी पिशवी खाली पडली. मी ती उचलली. तिच्यावर इंदापूरच्या एका दुकानाचा शिक्का होता.

तिच्या गावाहून बारामतीला थेट गाडी होती. मला निरोप दिला तर मी संध्याकाळपर्यंत औषध पोचतं करायचो. इंदापूरला जायचं तर तिला फाट्यापर्यंत दोन मैल चालायचं, वडापच्या भरगच्च जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि तसंच परत यायचं. आजारी पोर काखेत घेऊन.

मी विचारलं, एवढं लांब का गेलीस? मी होतो की.

ती परत पाटावर बसली. पिठाचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. मग माझ्या तोंडून ते बाहेर पडलं. पहिल्या दिवसाच्या रुमालापासून ते पताकांपर्यंत सगळं. दाजींना सांगायचं होतं आणि मी सांगू दिलं नाही. पित्त आहे असं मी फौजीला सांगितलं. मी आधी वर पाहिलं, हेही सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, आणि तिनं ती काढली नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "आल्याच्या दुसऱ्या दिशी सांगितलं त्यांनी. म्हनले, तू काय इचारू नगंस. त्याच्या तोंडून येऊ दे."

मी म्हणालो, मग इतके महिने गप्प का राहिलीस? चार शिव्या द्यायच्या होत्यास.

"शिव्या दिऊन काय व्हतंय," ती म्हणाली. "तू दुकानात हुबा ऱ्हातोस. लोक तुझ्या शब्दावर पोरांस्नी औषद पाजत्यात. तुझ्या घाईपायी माझ्या कपाळाचं कुकू पुसाय निघालं हुतं, ते मी येकदा गिळलं. पर तू ते खरं सांगितल्याबिगर तुझ्या हातचं औषद पोरीच्या तोंडात घालायचं न्हाय, आसं मी ठरवलं."

तिचा आवाज चढला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भाची खोकायची थांबून माझ्याकडं बघत होती. अक्कानं करपलेली भाकरी बाजूला ठेवली आणि नवीन तव्यावर टाकली.

मी नाक पुसलं आणि विचारलं, आता सांगितलं, आता आणू का मी औषध? ह्या बाटलीपेक्षा चांगलं आहे आमच्याकडं, उद्याच्या पहिल्या गाडीनं पाठवतो.

"लगीच न्हाय," ती म्हणाली. "आज सांगितलंस, बरं केलंस. पर माझं मन अजून बसलं न्हाय. बसलं की कळवीन."

मी विचारलं, किती दिवस?

"ते मला म्हाईत न्हाय. दिस मोजू नगंस."

मी म्हणालो, नाही मोजणार. तिनं ताट केलं, मी जेवलो, दाजी आले, त्यांच्याशी उसाच्या उताऱ्याबद्दल बोललो. मग बारामतीची गाडी आली आणि मी चढलो. फाटा मागं पडायच्या आत मोजायला लागलो.